चार वाजून दहा मिनिटं

अदानात जुलैच्या रात्री
घरात कोणी झोपत नाही.
सरकीच्या गिरणीमागच्या अंगणात
नगरपालिका वर्षातून एकदा भिंतीला चुना मारते,
लाकडी खुर्च्या तीन-तीन एकत्र बांधते,
म्हणजे उचलून कोणी घरी नेऊ नये,
आणि तोच सिनेमा लावते.

तोच. किल्ल्याचा, तलवारींचा.
घोडे कमी, धूळ फार.
राजकन्या हजार वर्षांपूर्वीची,
केस मात्र पार्लरमधून नुकतेच निघालेले.
खलनायक गडगडाट करून हसला
की मिशीचा डावा कोपरा सुटतो,
आणि तेवढ्यापुरती
आम्हाला त्याची दया येते.

तिसरं रीळ एकदा तुटलं होतं.
माझ्या वडिलांनी ते चिकटवलं, सहा पावलं कापून.
तेव्हापासून नायक दारातून निघतो
तो थेट घोड्यावरच.
त्या उडीला टाळ्या पडतात.
आता सिनेमा एका पेटीत मावतो, रीळ नाही, वास नाही,
पण पेटीतली नक्कल आमच्याच रिळावरून काढलेली,
म्हणून उडी शाबूत आहे.
वडील नाहीत.

पहिल्या रांगेत मुकद्देसबाई.
वय एक्याऐंशी, मांडीवर सूर्यफुलाच्या बिया,
सालं पुडीत, पुडी पर्समध्ये.
तिचा नवरा एहसान घड्याळं दुरुस्त करायचा.
शूटिंगवाले आले तेव्हा
गावात ओरडत फिरले होते, शंभर शिपाई हवेत,
दिवसाचे बारा लिरा, दुपारी घेवडा आणि पाव.
एहसानने शर्ट काढला, बूट काढले, चष्मा काढला.
घड्याळ काढायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही.
आपलं नाक कोण काढून ठेवतं?

बर्लिनहून आलेली एक मुलगी, सेव्हिंच,
सिनेमाचं शिकते,
माझ्या कानाशी कुजबुजत होती
की त्या काळाचा भाबडेपणा आपल्याला आज हवासा वाटतो,
की शेवट ठाऊक असला म्हणजे
मन निर्धास्त...
मुकद्देसबाईने मागे न बघता हात वर केला.
“थांब गं. आता येईल.”

सगळं अंगण थांबलं.
बिया फोडायचं थांबलं.
सोड्याच्या बाटलीतला बुडबुडासुद्धा, मला वाटलं, थांबला.

तटावर बाण लागतो.
शिपाई दोन्ही हात आभाळाकडे नेतो,
बाही घसरते,
आणि हजार वर्षांपूर्वीच्या उन्हात
मनगटावर काच चमकते.

“चार दहा!” अंगण ओरडतं.
पोरं, म्हातारे, सोडा विकणारा, गिरणीचा रखवालदार.
“चार दहा!”
आणि एहसान तटावरून खाली.
चार सेकंद. संपलं.
मुकद्देसबाई डोळे पुसते, हसून की कशाने
ते विचारायची कोणाची प्राज्ञा नाही.

वडील असताना, सगळे गेले की,
ते तिच्यासाठी रीळ उलटं फिरवत.
धूळ गोळा होऊन जमिनीत जाई,
एहसान पाठीवर उडत वर येई,
तटावर पाय टेकी,
छातीतला बाण परत शत्रूकडे जाई.
ती पाहून घेई. मग पर्स उचली.

यंदा मीही ते बटण शोधून ठेवलं होतं.
खुर्च्या रिकाम्या झाल्यावर म्हटलं,
बाई, उलटं लावू?

“नको,” म्हणाली.
“पडू दे त्याला.
तू कधी नीट बघितलंस का?
पडताना तो हसतोय.
कॅमेऱ्यामागे मी उभी होते ना,
डबा घेऊन.
घड्याळ मला दिसलं होतं.
मी काही बोलले नाही.”

मग पुडी पर्समध्ये घातली,
आणि तरीही उठली नाही.
भिंतीवर एक पाल होती, पांढऱ्या चौकोनात,
ती तिच्याकडे बघत बसली.
मी पहिलं रीळ, म्हणजे पहिलं ते काय असेल ते,
पुन्हा सुरू केलं.